गाडी अडवून सीमा सुटत नाही

गडहिंग्लजच्या बसस्थानकातून संध्याकाळी मुंबईकडे निघालेली एस.टी. संकेश्वर-निपाणीच्या वाटेला लागली की थोड्याच वेळात महाराष्ट्राबाहेर पडते. हिटणी मागे राहते, संकेश्वर येते, दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे बदलतात. पुढे निपाणी, कोगनोळीचा टोलनाका, दूधगंगेचा पूल; आणि कागलपाशी गाडी पुन्हा महाराष्ट्रात येते. अंगावर चादर ओढून बसलेल्या उतारूंचा तोवर डोळाही लागलेला नसतो. आपल्याच जिल्ह्याच्या गावी किंवा आपल्याच राज्याच्या राजधानीत जाण्यासाठी दुसऱ्या राज्याची हद्द दोनदा ओलांडावी लागते, ही गोष्ट गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे त्याला नवल वाटत नाही. तो दचकतो तो सीमेवर वातावरण तापल्याची बातमी येते तेव्हा. आज गाडी सुटणार की नाही, सुटली तर कोणत्या वाटेने जाणार आणि वाटेत दगड तर पडणार नाहीत ना, हे प्रश्न हातात तिकीट घेतलेल्या माणसाला विचारावे लागतात. देश स्वतंत्र होऊन पाऊणशे वर्षे लोटल्यावर एका भारतीय नागरिकाला भारताच्या एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना हा प्रश्न पडावा, यापेक्षा राज्यकर्त्यांच्या नालायकीचा वेगळा पुरावा देण्याची गरज नाही.

गडहिंग्लजवरून जाणारा संकेश्वर-बांदा रस्ता या बाबतीत मोठा बोलका आहे. त्याचे एक टोक कर्नाटकात आहे आणि दुसरे गोव्याच्या उंबरठ्यावर. १९६१ सालापर्यंत आंबोली घाट उतरून सावंतवाडी-बांद्याकडे जाणाऱ्याला पुढे परकी सत्ता आडवी येत असे. ती खरोखरीची आंतरराष्ट्रीय सरहद्द होती. तेथे पोर्तुगीज सालाझारशाहीचे सशस्त्र शिपाई उभे असत, आणि १९५५ साली तर गोव्याशी असलेला रेल्वेचा दुवाही तुटला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती सरहद्द पुसली गेली. आज रात्रीच्या गाडीत झोपलेल्या उतारूला ती कधी ओलांडली हेही कळत नाही. पश्चिमेकडील परदेशी सरहद्द अशी नाहीशी झाली. आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची, एकाच संविधानाखालील दोन राज्यांमधील रेषा मात्र अधूनमधून परदेशी सरहद्दीसारखी वागू लागते, हा उलटा न्याय कोणी घडवला याचा विचार झाला पाहिजे.

दोन घटना, एकच बळी

२०२२ सालच्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या गावांवर हक्क सांगितला आणि सीमाप्रश्नाचे निखारे पुन्हा फुलले. महाराष्ट्रात कर्नाटकाच्या गाड्यांना काळे फासले गेले. ६ डिसेंबर रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. लगोलग एस.टी. महामंडळाने कर्नाटकातील फेऱ्या थांबवल्या. ऐन मार्गशीर्ष पौर्णिमेच्या तोंडावर हे घडले. कोल्हापूर जिल्ह्यातील हजारो भाविक त्या सुमारास एस.टी.नेच सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनास जात असतात. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी ठरलेला आपला बेळगाव दौरा रद्द केला. मंत्र्यांना दौरा रद्द करता येतो. ज्याची आई बेळगावच्या दवाखान्यात पडली आहे, ज्याला सकाळच्या पाळीला मुंबईत हजर व्हायचे आहे, त्याला आपला दौरा रद्द करता येत नाही.

२०२५ सालच्या फेब्रुवारीत याचीच पुनरावृत्ती झाली. बेळगाव तालुक्यात कर्नाटकाच्या बसवरील एका वाहकाला, त्याने मराठीत उत्तर दिले नाही म्हणून, मारहाण झाली. त्यापाठोपाठ चित्रदुर्गजवळ बेंगळुरूहून मुंबईस निघालेली महाराष्ट्राची एस.टी. रात्री अडवण्यात आली आणि चालकाला कन्नडमध्ये बोलता आले नाही म्हणून त्याच्या तोंडाला काळे फासण्यात आले. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनी कर्नाटकाकडे जाणाऱ्या गाड्या बंद करण्याचा आदेश दिला. मार्चमध्ये कन्नड संघटनांनी कर्नाटक बंद पुकारला.

या दोन्ही प्रसंगांत मार कोणी खाल्ला हे नीट पाहावे. एका बाजूला वाहक, दुसऱ्या बाजूला चालक. दोघेही पगारावर राबणारे, दोघेही रात्री-अपरात्री घरापासून दूर असणारे, दोघेही अशा महामंडळांचे नोकर की ज्यांच्या सरकारांना कामगारांची थकबाकी देताना नेहमीच खजिना रिकामा असल्याची आठवण होते. सीमेची रेषा यांनी आखली नाही. महाजन आयोग यांनी नेमला नाही. सर्वोच्च न्यायालयातील दावा यांनी लांबवला नाही. परंतु भाषेच्या नावाने हात उगारण्याची वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूंच्या वीरांना सापडला तो खाकी सदऱ्यातला हा माणूस. मंत्र्याची मोटार त्यांना सापडत नाही, कारण तिच्यापुढे पोलिसांची गाडी असते. एस.टी.पुढे कोणी नसते.

सत्याग्रह कशाला म्हणतात?

गाड्या अडवणाऱ्यांची ढाल ठरलेली आहे. हे सीमाबांधवांसाठी चालले आहे, असे ते सांगतात. समाजवादी कार्यकर्त्याने या ढालीपुढे गप्प बसण्याचे कारण नाही. सीमाप्रश्न त्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी होते. सीमाभागाची बाजू संसदेत आणि संसदेबाहेर मांडता मांडता झिजलेले नाथ पै १७ जानेवारीला बेळगावात हुतात्म्यांच्या स्मृतीस वंदन करणारे भाषण करून १८ जानेवारी १९७१ रोजी त्याच शहरात निवर्तले. १९५६ सालच्या जानेवारीत बेळगाव-निपाणीत ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांच्या नावाने आज कोणी उतारूंच्या गाडीच्या काचा फोडत असेल, तर तो त्या हुतात्म्यांचा वारसदार नव्हे. त्यांच्या नावावर जगणारा आहे.

१९५५ साली गोव्याच्या सरहद्दीवर जे घडले ते आठवावे. १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही गोव्यात शिरले. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र माणसे सरहद्द ओलांडून गेली आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक जण ठार झाले. बेळगाव हे त्या लढ्याचे एक मोठे ठाणे होते. मराठी, कन्नड, हिंदी, तेलुगू बोलणारी माणसे तेथून एकाच तुकडीत निघत, आणि कोण कोणत्या भाषेत घोषणा देतो हे कोणी विचारत नसे. त्या सत्याग्रहाचा अर्थ साधा होता. अन्यायी रेषा मोडायची, तीही स्वतः चालत जाऊन, स्वतःच्या छातीवर वार घेऊन. गाडी अडवण्यात याच्या नेमके उलट घडते. रेषा मोडली जात नाही, उलट ती अधिक ठळक केली जाते. त्रास आंदोलकाला होत नाही, तो ज्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही अशा उतारूला होतो. आणि ज्याने अन्याय केला त्या सत्तेच्या केसालाही धक्का लागत नाही. याला सत्याग्रह म्हणता येत नाही. दुबळ्याच्या पोटावर पाय देऊन बलवानाला दम दिल्याचे हे नाटक आहे.

मालाची वाट आणि माणसाची वाट

रात्रीच्या गाडीत कोण बसते? गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांनी मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली. गावकीच्या गाळ्यांत वळकट्या टाकून राहणारे हे कामगार शिमगा-गणपतीला आणि पिकाच्या दिवसांत अशाच गाड्यांनी घरी येत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप मोडला, गिरण्या मिटत गेल्या, तेव्हा पेट्या-वळकट्यांसह कायमचे परतणारेही याच रस्त्याने परतले. आज त्यांची नातवंडे पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत, गोदामांत, इस्पितळांत, पहारेकऱ्यांच्या चौक्यांत कामाला आहेत. गाडी त्यांचीच आहे. मोटार बाळगणारा आपली वाट बदलून कापशी-मुरगूडच्या अंगाने जाऊ शकतो. ज्याच्या खिशात पैसा आहे तो खासगी आरामगाडीचे वाढीव भाडे भरू शकतो. फलाटावर उरतो तो, ज्याला एस.टी.वाचून दुसरी सोय नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून जी सेवा बहुजनांच्या हिताची व सुखाची म्हणवते, ती बंद करण्याचा निर्णय नेहमी याच बहुजनाच्या माथी मारला जातो.

याउलट मालाकडे पाहावे. मालमोटारींवरही दगड पडतात, नाही असे नाही; परंतु माल अडला की दोन्ही बाजूंचे व्यापारी, कारखानदार आणि त्यांचे आमदार धावून येतात आणि वाट मोकळी होते. उसाचे उदाहरण या भागाला ताजे आहे. २०२३ सालच्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने ऊस परराज्यात नेण्यास बंदी घातली. सीमेवरचा शेतकरी चिडून उठला. संकेश्वरचा कारखाना चांगला भाव देत असेल तर तेथे ऊस घालण्याचा आपला हक्क कोणी काढून घ्यावा, असे त्याने विचारले, आणि काही दिवसांतच शासनाला ती बंदी मागे घ्यावी लागली. यात शिकण्यासारखे आहे. ऊस सीमा ओलांडू शकतो, कारण उसामागे संघटना उभी राहिली. उतारूमागे संघटना नाही, म्हणून तो फलाटावर राहतो. आणि हे काम ज्यांनी करायचे, ते पक्षकार्यकर्ते भाषेच्या गोंगाटात आपला आवाज हरवून बसले आहेत.

कष्टकऱ्यांची चळवळ येथे सीमेपाशी कधी थांबली नव्हती. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. तो प्रश्न केवळ महाराष्ट्राचा कसा असेल? देवी सौंदत्तीला, आणि तिच्या नावाने सोडलेल्या मुली या बाजूच्या दलित वस्त्यांत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायांनी संघटना उभारली, तेव्हा मालकाने त्यांना मराठी की कन्नड असे विचारून मजुरी कमी दिली नव्हती. सर्वांना सारखीच कमी दिली होती. १९८१ सालच्या एप्रिलमध्ये त्याच निपाणीत भाव मागणाऱ्या तंबाखू उत्पादकांवर गोळीबार झाला, तोही भाषा पाहून झाला नाही. जेथे शोषण दुभाषी आहे तेथे लढाही दुभाषी असावा लागतो. आणि दुभाषी लढ्याला पहिली गरज लागते ती चालू रस्त्याची.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की गाड्या बंद करण्यामागे कर्मचारी व उतारू यांची सुरक्षितता हा हेतू असतो. हेतू वरवर रास्त आहे. परंतु सुरक्षितता द्यायची म्हणजे गुंडाला आवरायचे, की उतारूला घरी बसवायचे? मूठभर माणसे नाक्यावर जमतात आणि दोन बलाढ्य राज्यांची पोलीस दले हात टेकतात, यावर शेंबडे पोरही विश्वास ठेवणार नाही. कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांना बेळगावात जाऊ द्यायचे नसते तेव्हा पोलिसांचा कसा कडेकोट बंदोबस्त उभा राहतो हे सर्वांनी पाहिले आहे. २०२१ साली साथीच्या काळात याच नाक्यावर चाचणीचा दाखला मागून माणसे परत पाठवण्यासाठी मनुष्यबळ मिळाले. अडवण्यासाठी पोलीस मिळतात आणि गाडी पार करून देण्यासाठी मिळत नाहीत, याचा अर्थ मनुष्यबळ कमी पडत नाही, इच्छा कमी पडते.

दुसरा आक्षेप जशास तसे वागण्याचा. त्यांनी आमच्या गाड्या अडवल्या, मग त्यांच्या गाड्या मोकळ्या का सोडाव्यात? हा युक्तिवाद ऐकायला मर्दानी वाटतो, पण तो हिशेबात बसत नाही. कोल्हापुरात अडवलेल्या कर्नाटकाच्या गाडीत निपाणी-बेळगावचा मराठी माणूसच बसलेला असतो. ज्याच्यासाठी लढत असल्याची घोषणा द्यायची, त्यालाच रस्त्यात उतरवायचे, अशी ही सूडबुद्धी आहे. ‘जशास तसे’ म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या संघटना एकमेकींच्या शत्रू दिसतात. वस्तुतः त्या एकमेकींच्या अन्नदात्या आहेत. इकडे काळे फासले गेले नाही तर तिकडे बंद पुकारता येत नाही, आणि तिकडे दगड पडला नाही तर इकडे पुढारी होता येत नाही.

येथे एका गोष्टीची आठवण द्यावी लागते. २० फेब्रुवारी १९९९ रोजी भारताचे पंतप्रधान बसने लाहोरला गेले आणि दिल्ली-लाहोर बससेवा सुरू झाली. काही महिन्यांतच कारगिलचे युद्ध पेटले. दोन्ही देशांचे जवान मरत होते, तरीही ती बस चालूच राहिली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर ती थांबली, २००३ साली पुन्हा सुरू झाली आणि २०१९ साली पुन्हा बंद पडली. तिच्या मर्यादा उघड आहेत. पण युद्ध चालू असताना दोन शत्रुराष्ट्रांमधून बस जाऊ शकली, आणि एकाच तिरंग्याखालील दोन राज्यांमधून बस जाऊ शकत नाही, हे सत्य पुसता येत नाही. भारत-पाकिस्तानचा महासंघ व्हावा असे लोहिया सांगत. त्यांच्या अनुयायांवर संकेश्वरपर्यंत गाडी जाऊ द्या अशी विनवणी करण्याची पाळी यावी, हा काळाने घेतलेला सूड आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाड्या अडवायच्या नाहीत, तर मग सीमाप्रश्न सोडून द्यायचा काय? मुळीच नाही. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, बेळगाव नाकारले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. २००४ सालापासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांवरील हक्काचा ठराव एकमताने केला. दावा चालवावा, पुरावे मांडावेत, सीमाभागातील मराठी शाळांसाठी, मराठीतून कागदपत्रे मिळण्याच्या अल्पसंख्याकांच्या हक्कासाठी झगडावे. हे सर्व न्याय्य आहे आणि ते नेटाने झाले पाहिजे. परंतु या सत्तर वर्षांच्या प्रश्नात एखादी तरी गाडी अडवल्यामुळे एखादे तरी गाव इकडचे तिकडे झाले आहे काय? उलट दगडफेकीच्या प्रत्येक दिवसानंतर बेळगावातील मराठी दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी यांच्यावरचा दाब वाढतो. मुंबईत किंवा बेंगळुरूत बसून घोषणा देणाऱ्यांना त्याची झळ लागत नाही.

काय केले पाहिजे

मागण्या स्पष्ट आहेत. मोटार वाहन कायद्याच्या ८८व्या कलमान्वये दोन राज्ये परस्पर करार करून एकमेकांच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर चालू देतात. या करारातच असे बंधन हवे की तणावाच्या काळात फेऱ्या बंद न करता त्या पोलीस संरक्षणात चालवल्या जातील. एका राज्याच्या पोलिसांनी गाडी हद्दीपर्यंत पोहोचवावी, दुसऱ्याच्या पोलिसांनी ती तेथून पुढे न्यावी. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती नेमण्याचे मान्य केले होते. त्या समितीने एवढे एकच काम केले असते, तर २०२५ सालचा फेब्रुवारी टळला असता. चालक-वाहकांवर हात टाकणाऱ्यांचे खटले राजकीय म्हणून काढून घेतले जाऊ नयेत. आणि वाहकाला दोन्ही भाषांतील कामापुरती वाक्ये शिकवण्याची व्यवस्था महामंडळांनी करावी. मारहाणीने भाषा शिकवता येत नाही.

परंतु मागणीपत्र देऊन पक्षाचे काम संपत नाही. गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वर येथील कार्यकर्त्यांनी दोन्ही बाजूंच्या चालक-वाहकांच्या संघटनांना एकत्र बसवले पाहिजे. पुढच्या वेळी वातावरण तापेल तेव्हा फलाटावर उतारूंसोबत उभे राहिले पाहिजे आणि गाडी सोडण्याचा आग्रह धरला पाहिजे. गाडी सुटली की तिच्यात बसलेही पाहिजे. १९५५ साली माणसे सरहद्द ओलांडून गेली ती गोळी खाण्याच्या तयारीने. आज मागितले जात आहे ते फार थोडे: तिकीट काढून, शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या उतारूला जागा करून देऊन, कोगनोळीच्या नाक्यापर्यंत आणि त्यापुढे कागलपर्यंत जाणे. भारतात कोठेही मुक्तपणे जाण्या-येण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क न्यायालयाच्या पायरीवर सिद्ध होईल तेव्हा होवो. गडहिंग्लजच्या फलाटावर तो रोज रात्री सिद्ध झाला पाहिजे.